दोन फुटी टँकमध्ये टेट्रांचा थवा: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या तिघांनी वेगवेगळ्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला, "अरे निऑन आणले होते, आठवड्यात सगळे गेले, काय चुकलं असेल?" (निऑन म्हणजे टेट्रा या छोट्या, थव्याने पोहणाऱ्या शोभेच्या माशांमधली एक जात.) मी तिघांनाही उलट विचारलं की टँकमध्ये पाणी कधी भरलं आणि मासे कधी आणले. एकाने शनिवारी भरलं आणि रविवारी आणले, दुसऱ्याने सकाळी भरलं आणि संध्याकाळी आणले, तिसऱ्याने तर दुकानातून टँक, दगड, मासे आणि तो बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या असं सगळं एकाच रिक्षात घालून आणलं होतं. मी हसलो नाही, कारण चार वर्षांपूर्वी मी पण हेच केलं होतं. पहिले बारा निऑन आणले आणि दहाव्या दिवशी तीन उरले. आई म्हणाली, "नको ते जीव मारायचे उद्योग," आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं.

आता तोच टँक आहे, पुण्यातच आहे, आणि त्यात अठरा टेट्रा आरामात आहेत. त्यामुळे जे मी पैसे आणि मासे घालवून शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. एक गोष्ट बघा, या यादीत मासे पाचव्या पायरीवर आहेत. मुद्दाम. कुठले टेट्रा घ्यायचे हे दुकानात उभं राहून ठरवायचं नसतं, ते तुमच्या घरचं पाणी आणि तुमच्या घरचा मे महिना ठरवतो.

१) टँक आणि जागा

काचेचा गोल बाऊल विसरा. टेट्रा दिसायला दोन बोटांच्या पेराएवढे असले तरी ते दिवसभर आडवे पोहतात, त्यांना लांबी लागते. सुरुवातीला २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा टँक घ्या. काठोकाठ भरला तर साधारण ७० लिटर होतात, वाळू आणि वरची रिकामी जागा सोडून प्रत्यक्षात ५५-६० लिटर पाणी बसतं. लहान टँक सोपा असेल असं वाटतं पण उलट आहे, दहा लिटरमध्ये एक मासा मेलेला सापडला नाही तर रात्रीत सगळं पाणी बिघडतं, साठ लिटरमध्ये तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

भरलेला टँक ७०-८० किलोपर्यंत जातो, त्यामुळे चिपबोर्डचं टीव्ही युनिट नको. लोखंडी स्टँड किंवा ग्रॅनाइटचा ओटा उत्तम. टँकखाली थर्माकोलची शीट घालायचीच, नाहीतर एखादा खडा काचेखाली राहिला की तडा जातो. खिडकीतून सरळ ऊन येईल तिथे ठेवू नका, शेवाळ तर येतंच पण पाणी पण तापतं. आणि टीव्हीच्या स्पीकरला चिकटवू नका, हे मासे दचकतात.

२) सामान

दुकानदार जी यादी देईल तिच्यातलं निम्मं लागत नाही. हे मात्र लागतं:

- स्पंज फिल्टर आणि एअर पंप, किंवा मागे लटकवायचा फिल्टर (त्याच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज चढवायचा, नाहीतर लहान मासे चिकटतात)
- एअर पंपाच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह
- थर्मामीटर, साधा काचेचा चालेल
- ५० ते ७५ वॉटचा आपोआप बंद-चालू होणारा हीटर
- एलईडी लाइट आणि भिंतीवरचा टायमर
- काळी किंवा गडद बारीक वाळू, ७-८ किलो
- अँटी-क्लोरीन
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाण्याचा आंबटपणा) तपासायचं थेंबांचं किट
- टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो तोच)
- पाणी काढायची जाड नळी आणि फक्त टँकसाठी ठेवलेल्या दोन बादल्या, ज्यात कधी साबण जाणार नाही
- झाकण

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दहा-वीस रुपयांचा असतो आणि लोक तोच टाळतात. एअर पंप टँकच्या खालच्या कप्प्यात असेल आणि लाइट गेली तर टँकचं पाणी नळीतून उलटं वाहत पंपात येतं, तिथून स्टँडवर, तिथून एक्सटेंशन बोर्डवर. माझ्याकडे झालंय. वायरी पण अशा सोडायच्या की सॉकेटच्या खाली एक झोल राहील, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाशी खाली टपकेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही.

गडद वाळू फक्त हौस म्हणून नाही सांगत. पांढऱ्या किंवा निळ्या चकचकीत खड्यांवर टेट्रा फिके पडतात आणि बुजून कोपऱ्यात बसतात. वाळू कुठलीही आणली तरी चमचाभर वाटीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळा, फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं करत राहणार, परत द्या. शंख-शिंपले, पोवळं आणि संगमरवराचे तुकडे पण याच कारणासाठी नकोत. कोकणातून आणलेले शिंपले शोकेसमध्ये छान दिसतात, तिथेच राहू द्या.

झाडं खरी लावा. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस ही वाळूत पुरायची पण गरज नाही, लाकडाला दोऱ्याने बांधली की झालं. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला तर स्वस्तात पेंडीच्या पेंडी मिळतात. मागे-बाजूला गर्दी आणि पुढे मोकळं ठेवा, मासे लपायला जागा आहे हे कळलं की जास्त बाहेर येतात, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच होतं.

३) तुमचं पाणी ओळखा

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक जण इथेच गंडतात.

निऑनसारख्या बऱ्याच टेट्रांचं मूळ घर म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले सावलीतले ओढे. तिथे पाणी मऊ (कमी क्षारांचं) असतं, आंबटसर असतं आणि पडलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखं तांबूस असतं. आता दुकानात मिळणारे बहुतेक निऑन फार्मवर वाढलेले असतात त्यामुळे ते अगदी तसंच पाणी मागत नाहीत, पीएच साडेसहा ते साडेसात आणि मऊ ते मध्यम पाणी त्यांना चालतं. पण सारखं बदलणारं पाणी चालत नाही.

आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात आणि हिवाळ्यात महापालिकेचं, म्हणजे धरणाचं पाणी येतं, माझ्या मीटरवर टीडीएस १०० च्या आसपास. एप्रिल उजाडला की टँकर सुरू आणि सोबत बोअरवेलचं मिसळतात, तोच नळ आणि तोच मीटर ६५० दाखवतो. तुम्ही नेहमीसारखं रविवारी पाणी बदललं की माशांना एका झटक्यात दुसऱ्या गावात नेऊन टाकल्यासारखं होतं. म्हणून पाणी बदलायच्या आधी दर वेळी बादलीत मीटर घालायचा, पाच सेकंदांचं काम आहे. नेहमीपेक्षा फार जास्त आलं तर घरच्या आरओचं शुद्ध पाणी त्यात मिसळून आकडा जवळ आणायचा. लक्षात ठेवा, आरओचं शुद्ध पाणी, त्या पांढऱ्या नळीतून वाया जातं ते नाही. ते वाया जाणारं पाणी "फेकायचं कशाला" म्हणून टँकमध्ये ओतणारे मी बघितलेत, त्यात तर सगळे क्षार गोळा झालेले असतात. आणि नुसतं शंभर टक्के आरओ पण नको, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, पीएच धाडकन घसरू शकतो.

क्लोरीन काढायचे दोन मार्ग. बादली भरून त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवायची, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकायचे. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचा डोस वाढवलेला असतो, नळ सोडल्यावर स्विमिंग पूलसारखा वास आला तर त्या दिवशी पाणी बदलूच नका, दोन दिवसांनी बदला, काही बिघडत नाही.

बदामाची पानं ही आपली घरची चैन आहे. जंगली बदाम, ज्याला बरेच जण देशी बदाम म्हणतात, त्याची झाडाखाली पडलेली तपकिरी वाळकी पानं उचला, रस्त्याच्या धुळीतली नकोत, धुवा, आणि साठ लिटरला एक-दोन टाका. पाणी हलकं चहाच्या रंगाचं होतं आणि मऊ पाण्यात पीएच थोडा खाली येतो. ऑनलाइन हीच पानं पाकिटात घालून विकतात, मला अजूनही हसू येतं.

४) आता सहा आठवडे काहीही करू नका

म्हणजे टँक चालू ठेवायचा, फिल्टर चोवीस तास चालू, झाडं लावलेली, लाइट सहा-सात तास, पण मासे नाहीत. घरचे येता-जाता विचारणार, पाहुणे विचारणार "मासे कुठायत?", सहन करायचं.

कारण असं. माशांच्या शी-शू आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारी. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते कमी प्रमाणात चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. नव्या टँकमध्ये हे दोन्ही जिवाणू जवळजवळ नसतातच, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर हळूहळू वाढतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे जातात. आम्ही सगळ्यांनी नेमके याच दिवसांत मासे टाकले, म्हणून ते गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, हीच तर गंमत आहे, अमोनिया दिसत नाही.

जिवाणूंना खायला हवं म्हणून दर दोन दिवसांनी चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, ते कुजतं आणि अमोनिया तयार होतो. आठवड्यातून दोनदा किटने तपासा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागेल. खाणं टाकत असतानाही अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर शून्य राहिले की टँक तयार.

शॉर्टकट एकच खरा आहे: ओळखीच्या कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा, ओलाच ठेवा, आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. निम्मा वेळ वाचतो. बाटलीतले जिवाणू कधी काम करतात, कधी नाही, त्यांच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी मासे आणू नका.

मधे चार-पाच दिवस पाणी दुधट होईल. घाबरून सगळं पाणी फेकू नका आणि फिल्टर नळाखाली धुऊ तर मुळीच नका, आपोआप निवळतं.

या सहा आठवड्यांत अजून एक काम करायचं. सकाळी सातला आणि दुपारी तीनला थर्मामीटर बघून वहीत टाका. तुमच्या घरात पाणी किती तापतं आणि रात्रीत किती उतरतं हे कळल्याशिवाय पुढची पायरी नाही.

५) आता जात ठरवा

निऑन टेट्रा: सगळ्यांना हाच हवा असतो. याचं शास्त्रीय नाव १९३६ सालचं, निळी पट्टी आणि खाली अर्ध्या अंगापासून शेपटीपर्यंत लाल. ३ ते ४ सेंटीमीटर होतो. पण याला थंडावा आवडतो, २१ ते २६ अंश. तुमची वही जर मार्च-एप्रिलमध्येच ३० दाखवत असेल तर निऑन तुमच्यासाठी नाही, उगाच हट्ट करू नका.

कार्डिनल टेट्रा: निऑनचा सख्खा भाऊ, याची लाल पट्टी पूर्ण अंगभर असते, ओळखायची हीच खूण. हा ब्राझीलच्या रिओ नेग्रो भागातला, तिथे बार्सेलोस नावाच्या गावातल्या बऱ्याच लोकांचं पोट अनेक वर्षं हे मासे पकडण्यावर चाललं. याला उबदार पाणी आवडतं, २४ ते २८ चालतं. निऑनपेक्षा महाग, पण मुंबई-ठाण्यात किंवा विदर्भात राहत असाल तर हा जास्त शहाणा सौदा. फक्त पाणी मऊ लागतं, बोअरवेलवाल्यांनी लांब राहा.

एम्बर टेट्रा: जेमतेम २ सेंटीमीटर, विस्तवासारखा नारिंगी. उष्णता सोसतो, हिरव्या झाडांत असा काही दिसतो की बस. पावणेदोन फुटी टँकमध्ये पण याचा थवा शोभतो.

ब्लॅक निऑन: दिसायला साधा, काळी-पांढरी पट्टी, म्हणून लोक घेत नाहीत. माझ्या मते नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, चुका माफ करतो.

रमी नोज: लाल नाकाचा. थवा म्हणून एका दिशेने शिस्तीत पोहणारा याच्यासारखा दुसरा नाही, पण पाणी जरा बिघडलं की नाक फिकं पडतं आणि मासा नाजूक आहे. दुसऱ्या वर्षी घ्या.

रंगीत विडो टेट्रा, म्हणजे गुलाबी, हिरवे, जांभळे दिसतात ते: यातले बरेचसे पांढऱ्या माशाला रंग टोचून किंवा रंगात बुडवून केलेले असतात. काही महिन्यांत रंग उडतो, आणि त्या प्रकारात मासे मरतात पण बरेच. घेऊ नका.

संख्या: सहापेक्षा कमी कधीच नाही, दहा-बारा चांगले. दोन-दोन सगळ्या जातींचे घ्यायचा मोह होतो, लग्नाच्या ताटासारखा, पण दोन निऑन, दोन एम्बर, दोन कार्डिनल म्हणजे घाबरलेले सहा मासे. एकाच जातीचे बारा घ्या, मग बघा.

६) दुकानात

पुण्या-मुंबईत दुकानांची कमी नाही, मुंबईकरांना कुर्ल्याचा आणि क्रॉफर्ड मार्केटचा भाग माहीत असतोच. कुठेही जा, पण पहिल्या भेटीत नुसतं बघून या. विचारा, "दादा, हा माल कधी आलाय?" काल आला असेल तर आठवड्याने या, जे प्रवासाच्या दगदगीने जाणार असतात ते तोपर्यंत दुकानातच गेलेले असतात. त्या टँकमध्ये एक जरी मेलेला मासा तरंगत असेल, पोटं खपाटीला गेलेली असतील, अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे ठिपके असतील किंवा एखाद्याच्या अंगावर रंग उडालेला पांढरट डाग असेल तर तिथून एकही घेऊ नका, "हा सोडून बाकी चांगले आहेत" असं काही नसतं, पाणी एकच आहे. खाणं टाकून दाखवा म्हणा, खाणारा मासा घ्यायचा.

अगदी पिटुकले स्वस्त मिळतात, पण अडीच सेंटीमीटरच्या आसपासचे जास्त टिकतात. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा असू दे, पेपरमध्ये गुंडाळून घ्या, आणि स्कूटरच्या हुकला उन्हात लटकवून आणू नका. संध्याकाळी जा.

"काच साफ ठेवतो" म्हणून एक काळा सकर मासा गळ्यात मारतील. तो एक फुटाच्या वर वाढतो. नाही म्हणा.

७) घरी आणल्यावर

टँकचा लाइट बंद. पिशवी न उघडता पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून दर पाच-सात मिनिटांनी टँकचं अर्धी वाटी पाणी पिशवीत, असं अर्धा-पाऊण तास करा. शेवटी मासे जाळीने उचलून टँकमध्ये आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. दुकानाचं पाणी टँकमध्ये जाता कामा नये.

खरं तर दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून ठेवणं सगळ्यात बरं. पहिलीच खेप असेल आणि टँकमध्ये दुसरं कोणी नसेल तर टँकच तो टब समजा, पण दुसऱ्या खेपेपासून कंटाळा करू नका, मी एकदा केला आणि जुन्यांना पण पांढरे ठिपके आले.

सगळे एकदम नको. आधी सहा-सात, दोन आठवड्यांनी किट बघून बाकीचे.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. आणि पहिल्या रात्री उठून मोबाइलचा टॉर्च मारलात तर मासे राखाडी, रंग उडालेले दिसतील. मी तेव्हा बायकोला झोपेतून उठवलं होतं. काही झालेलं नसतं, अंधारात यांची चमक मंदावतेच, सकाळी लाइट लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत परत येते.

८) खाणं

तोंड मोहरीएवढं असतं हे लक्षात ठेवा. फ्लेक्स किंवा बारीक दाणे बोटांत चुरडून टाका, दिवसातून एकदा किंवा दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. खाली पडलेलं टेट्रा सहसा खात नाहीत, ते कुजतं. आठवड्यात एक दिवस उपास. अधूनमधून आर्टेमिया किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्या, फ्रोझन मिळतं, रंग खुलतात. गटारातून आलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे नकोत, आजार घरात आणायचा तो सोपा रस्ता आहे. मासे तुम्हाला बघून काचेपाशी येतील, भुकेले दिसतील. ते कायम तसेच दिसतात.

९) दर रविवारचं काम

१. आधी हीटरचा प्लग काढा. पाणी कमी झाल्यावर तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते.
२. नळीने तळाची घाण ओढत वीस-पंचवीस टक्के पाणी काढा, म्हणजे साठ लिटरला एक बादली. (नळी तोंडाने ओढायची नसते, सगळे ओढतात, सगळ्यांच्या तोंडात एकदा पाणी गेलंय.)
३. त्याच काढलेल्या पाण्यात फिल्टरचा स्पंज दोनदा पिळा, तोही महिन्यातून एकदा पुरे. नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सहा आठवडे पाण्यात गेले.
४. नवीन पाण्याचा टीडीएस आणि तापमान बघा, अँटी-क्लोरीन घाला, आणि हळू ओता.

मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते थेट टँकमध्ये म्हणजे संपलंच. आदल्या रात्री बादली भरून ठेवा.

१०) उन्हाळा, हिवाळा आणि लाइट जाणं

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांना मात्र जास्त लागतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर हेच कारण. झाकण काढून वर जाळी लावा आणि एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा, बाष्पीभवनाने पुण्यात माझं पाणी दोन-तीन अंश उतरतं. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्याने तेवढा फरक पडत नाही, तिथे एअर स्टोन वाढवा आणि मुळात उष्णता सोसणारी जात ठेवा. पंख्याने पाणी रोज कमी होतं, ते भरून काढताना आरओचंच पाणी घाला, कारण उडतं फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, नळाचं घालत राहिलात तर महिनाभरात पाणी जड होतं. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान खाली-वर होणं गरमीपेक्षा वाईट.

हिवाळ्यात नाशिक, पुणे, नागपूरकडे रात्री पाणी विशीच्या खाली जाऊ शकतं. हीटर २४-२५ वर लावून सोडून द्या.

लाइट गेली तर मासे लगेच मरत नाहीत, गर्दी नसेल तर चार-पाच तास निघतात. पॉवर बँकवर चालणारा यूएसबी एअर पंप एक घेऊन ठेवा. हे पण लक्षात घ्या की फिल्टर जास्त तास बंद राहिला तर त्यातले जिवाणू पण गुदमरतात, म्हणून रात्री "आवाज येतो" म्हणून फिल्टर बंद करणं बंद करा.

११) शेजारी कोण चालेल

कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) चालतात, तेही सहाच्या गटात आणि बारीक वाळूवर. ऑटोसिंक्लस हा छोटा मासा शेवाळ खातो, पण टँक चार-सहा महिने जुना झाल्यावर. चेरी श्रिम्प (छोट्या लाल कोळंब्या) चालतात, त्यांची पिल्लं मात्र टेट्रा गिळतात. एंजल मासा नको, दुकानात छोटा आणि राजबिंडा दिसतो, पण मोठा झाला की रात्रीत निऑन गायब होतात, हे त्याचं नैसर्गिक खाणंच आहे. गोल्डफिश नको, टायगर बार्ब नको.

१२) आजार

पांढरे ठिपके, म्हणजे इक: मॅलाकाइट ग्रीनवालं औषध चालतं, पण टेट्रांना त्याचा पूर्ण डोस सोसत नाही म्हणून अर्ध्या डोसने सुरुवात करा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा.

निऑन टेट्रा डिसीज: रंग एका जागी उडतो, अंग वाकडं होतं, मासा थव्यापासून वेगळा राहतो. हा परजीवीमुळे होतो आणि याला औषध नाही. तो मासा लगेच वेगळा करा, कारण मेला आणि बाकीच्यांनी त्याला टोचलं की सगळ्यांना लागण होते. असेच डाग जिवाणूंच्या आजारानेही येतात, पण वेगळं करणं दोन्हीत आधी.

टँक घेताना बिलासोबत मिळणारी ती निळी बाटली, मिथिलीन ब्लू, "आठवड्याला चार थेंब टाका" म्हणून देतात. विनाकारण टाकू नका. फिल्टरचे जिवाणू मारते, झाडं मारते आणि टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करते. माझ्या टँकचे कोपरे अजून निळे आहेत.

१३) घरातली विषं

हे कुठलाच दुकानदार सांगत नाही. डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे यात असतात ती औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणात पण घातक. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे तुम्ही कॉइल टँकमध्येच लावल्यासारखं. टँकच्या खोलीत हे काही नको. पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पंप बंद, टँकवर ओली चादर, आणि हवा खेळती झाल्यावर तीन-चार तासांत पंप परत चालू. गणपतीत धूप-अगरबत्ती टँकपासून लांब. हाताला साबण, सॅनिटायझर, क्रीम लावलेलं असताना पाण्यात हात घालायचा नाही. दिवाळीत खिडक्या लावून घ्या, सुतळी बॉम्बच्या धक्क्याने थवा काचेवर आपटतो.

आणि कधी कंटाळा आला, घर बदललं, तर मासे तळ्यात-नदीत सोडू नका. ते सकर मासे असेच सोडून सोडून देशभरातल्या पाण्यात पसरलेत. दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो, नाहीतर माझ्यासारखं कोणीतरी असतंच.

१४) गावी जाताना

निरोगी, मोठे टेट्रा पाच-सहा दिवस न खाता आरामात राहतात, चार दिवसांच्या सुट्टीला कोणाला सांगायचीच गरज नाही. निघायच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पाणी बदला, म्हणजे काही गडबड झाली तर तुम्ही घरात असता. टायमर तपासा. ते पाण्यात हळूहळू विरघळणारे पांढरे ठोकळे मिळतात ते नकोत, पाणी खराब करतात.

दहा-बारा दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांना किल्ली द्या पण खाण्याचा डबा देऊ नका. मी एकदा दिला होता, शेजारच्या काकूंना वाटलं बिचारे उपाशी आहेत, आणि चार दिवसांत अख्खा डबा संपला. आता मी कागदाच्या पुड्या करतो, प्रत्येकीवर तारीख, एक दिवसाआड एक पुडी, डबा कपाटात कुलपात. काकू अजून म्हणतात, "अरे, एवढंसंच?"